सीबीडी: तीन अक्षरांची कुळकथा

नवी मुंबईतल्या बेलापूरमध्ये रिक्षावाल्याला ‘सीबीडी’ एवढेच सांगितले तरी पुरते. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर, पत्त्यांत आणि दुकानांच्या नावांत ही अक्षरे इतकी मुरली आहेत की ती एखाद्या जुन्या गावाच्या नावासारखी वाटतात. मुळात ते नगरनियोजनातल्या ‘सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट’ या इंग्रजी संज्ञेचे संक्षिप्त रूप आहे. अर्थ, महानगराचे मध्यवर्ती व्यापारी केंद्र. बेलापूरला हे नाव कर्तृत्वाने नव्हे, आशेने मिळाले.

त्या आशेचे मूळ जून १९६५ च्या ‘मार्ग’ नियतकालिकात सापडते. मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखालील या अंकाचे शीर्षक होते ‘बॉम्बे: प्लॅनिंग अँड ड्रीमिंग’. मुंबई महापालिकेच्या १९६४ च्या विकास आराखड्याला त्यात तिघांनी पर्याय मांडला होता: वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल. ठाणे खाडीपलीकडे नजर टाकणारे हे काही पहिलेच नव्हते. ना. वि. मोडक आणि अमेरिकन नियोजक अल्बर्ट मेयर यांच्या १९४८ च्या आराखड्यात आणि पुढे स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाच्या अहवालात पलीकडच्या वस्तीचा विचार आलेला होता. पण तो विचार होता मुंबईत न मावणारी माणसे पलीकडे सारण्याचा. या तिघांनी शहराचे केंद्रच पलीकडे न्यायचे म्हटले.

मागचा तर्क साधा होता. मुंबई ही समुद्रात घुसलेली जमिनीची चिंचोळी जीभ, आणि कचेऱ्या तिच्या अगदी दक्षिण टोकाला. सकाळी सगळी गर्दी दक्षिणेकडे, संध्याकाळी उत्तरेकडे. शहर उत्तरेला जितके वाढेल तितका हा प्रवास लांबणार. तेव्हा वाढीची दिशा पूर्वेकडे वळवावी आणि राज्य सरकारने स्वतः आधी तिकडे जावे. सरकारमागे कचेऱ्या जातील, कचेऱ्यांमागे घरे. खर्चाची तोडही प्रस्तावाच्या पोटातच होती. शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते-पाणी आणून शहराच्या भावाने विकायची आणि मधल्या फरकातून शहर उभे करायचे.

स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) या अमेरिकन कादंबरीचा नायक रात्री किनाऱ्यावर उभा राहून खाडीपलीकडचा हिरवा दिवा पाहत असतो. तो दिवा त्याच्या प्रेयसीच्या, डेझीच्या, धक्क्यावरचा. तिच्या घरी पिढीजात श्रीमंती. मुंबईत चित्र उलटे होते. श्रीमंत किनाऱ्यावरचे तिघे पलीकडच्या मिठागरांकडे आणि भातखाचरांकडे पाहत होते. पण पेच तोच. सारे स्वप्न दुसऱ्या कोणाच्या तरी येण्यावर टांगलेले. या गोष्टीतली डेझी म्हणजे सचिवालय, आजचे मंत्रालय.

सरकारने कल्पना उचलली, हे मान्य करायला हवे. १७ मार्च १९७० रोजी हे नवे शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. शिरीष पटेल नियोजनाचे प्रमुख झाले, कोरिया मुख्य वास्तुविशारद. ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र आखले गेले. वाशीला ठाणे खाडीवरचा पूल १९७३ मध्ये खुला झाला. आराखड्यात वीस लाख वस्ती धरली होती, वाहतूकमार्गावर माळेसारखी ओवलेली उपनगरे होती, आणि बेलापूरवर शिक्का होता: सीबीडी.

त्याच वर्षांत तेच सरकार दक्षिण टोकाला बॅकबेचा समुद्र बुजवून नरिमन पॉइंटचे भूखंड वाटत होते. पलीकडे केंद्र हलवायचे आणि अलीकडे नवी केंद्रे उभारायची, असा दुहेरी कारभार. भूखंडवाटपाचे प्रकरण खासदार पिलू मोदी यांनी न्यायालयात नेले; इमारती मात्र चढतच गेल्या. १९८१ मध्ये नवे विधानभवनही तिथेच उघडले. मंत्रालय हलले नाही. पटेल आणि कोरिया त्याआधीच, सत्तरच्या दशकाच्या मध्याला, सिडकोतून बाहेर पडले होते.

सरकारच्या या बेफिकिरीची किंमत मात्र तिसऱ्यांनीच मोजली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे संपादनात आली. आगरी-कोळी शेतकऱ्यांना मिळणारा भाव आणि त्याच जमिनीची पुढची विक्री यांत जो फरक, त्यावरच शहराचा हिशेब बेतलेला होता. म्हणजे खोट केवळ कारभारात नव्हती, मूळ स्वप्नाच्या अंकगणितातही होती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि नवघरला, पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकांना देण्याची योजना याच लढ्यातून आली.

बेलापूरला कोरियांची एक खूण उरली आहे. ऐंशीच्या दशकातले आर्टिस्ट व्हिलेज: लहान अंगणाभोवती सात-सात घरे, कोणाचीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे कुटुंब वाढले तर घरही वाढावे. आज त्यातली कित्येक घरे पाडून मालकांनी आपल्या मनाप्रमाणे बांधली आहेत. वाढीसाठीच आखलेल्या घरांबाबत यात तक्रारीला फारशी जागा नाही.

सरकार अगदीच आले नाही असेही नव्हे. बेलापूरला कोकण भवन आहे, तिथे कोकण विभागाचे आयुक्त बसतात. रिझर्व्ह बँकेची कचेरी आली, कोकण रेल्वेचे मुख्यालय आले. घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले आणि शहराला खरा जोर त्यांनीच दिला. लोकल वाशीला १९९२ मध्ये पोहोचली, पुढच्या वर्षी बेलापूरला. आता सीबीडी बेलापूरच्या फलाटावर सकाळी नऊच्या सुमारास गर्दी होते ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दिशेने जाणाऱ्या लोकलसाठी.