ड्रेड स्कॉट खटला

ड्रेड स्कॉट खटला : (ड्रेड स्कॉट विरुद्ध सँडफर्ड). गुलामीतून सुटका मागणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाचा दावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च १८५७ रोजी तो फेटाळला. त्या ओघात कृष्णवर्णीयांना अमेरिकेचे नागरिक होता येत नाही आणि संघराज्याच्या प्रदेशांत गुलामीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाही, असेही ठरवून टाकले. चार वर्षांनी यादवी युद्धाला तोंड फुटले. युद्धाचे मूळ या निकालात नाही. पण उत्तर आणि दक्षिण यांच्यात तडजोडीला जी थोडी जागा उरली होती, ती त्याने बुजवली.

स्कॉटचा जन्म सुमारे १७९९ मध्ये व्हर्जिनियात झाला. मालक पीटर ब्लो याच्याबरोबर अलाबामामार्गे तो १८३० मध्ये मिसूरीतील सेंट लुइस येथे आला. पुढे लष्करी डॉक्टर जॉन एमर्सन याने त्याला विकत घेतले. डॉक्टरच्या बदल्यांबरोबर स्कॉटही फिरला : आधी इलिनॉयमधील फोर्ट आर्मस्ट्राँग, मग १८३६ पासून मिसिसिपीच्या वरच्या अंगाचे फोर्ट स्नेलिंग (आजचे मिनेसोटा). इलिनॉयच्या संविधानाने गुलामीला मज्जाव केला होता. फोर्ट स्नेलिंगचा मुलूख १८२० च्या ‘मिसूरी तडजोड’ या कायद्याखाली येई. लुइझियाना खरेदीत मिळालेल्या प्रदेशात, मिसूरी राज्य वगळता, ३६° ३०′ अक्षांशाच्या उत्तरेस या कायद्याने गुलामी बंद केली होती. छावणीतले अधिकारी मात्र तेथेही बिनदिक्कत गुलाम बाळगत. येथेच स्कॉटचे हॅरिएट रॉबिन्सन हिच्याशी लग्न झाले. ते लावले तिच्याच मालकाने. तो तेथला दंडाधिकारीही होता. गुलामाला कायद्याने विवाहाचा करारच करता येत नसे, हे लक्षात घेतले म्हणजे या रीतसर लग्नाचे वजन कळते.

एमर्सन १८४३ मध्ये वारला. ६ एप्रिल १८४६ रोजी ड्रेड आणि हॅरिएट यांनी त्याची विधवा आयरीन हिच्याविरुद्ध सेंट लुइसच्या न्यायालयात वेगवेगळे दावे लावले. त्यात जगावेगळे काही नव्हते. अशा तीनशेहून अधिक दाव्यांची कागदपत्रे त्या शहरात आढळली आहेत. मिसूरीच्या न्यायालयांची भूमिकाही ठरलेली होती : मुक्त भूमीत नेऊन ठेवलेला गुलाम मुक्त होतो आणि परत आणल्याने पुन्हा गुलाम होत नाही. १८३६ च्या रेचल विरुद्ध वॉकर खटल्यातली रेचल तर फोर्ट स्नेलिंगलाच राहिलेली होती. लष्करी अधिकाऱ्याला हुकमाने तेथे जावे लागले, ही सबब न्यायालयाने तेव्हा मानली नव्हती. स्कॉट दांपत्याने सहज जिंकावा असा हा दावा होता.

१८४७ च्या पहिल्या सुनावणीत तो एका विलक्षण कारणाने बारगळला. आयरीन या दोघांना गुलाम म्हणून बाळगते, हे सिद्ध करण्यासाठी त्यांना भाड्याने ठेवून घेणारा सॅम्युएल रसेल साक्षीला आला. उलटतपासणीत त्याने सांगितले की सारा व्यवहार बायकोने ठरवला, आपण फक्त पैसे पोचवले. त्याची साक्ष ऐकीव ठरली. म्हणजे आयरीन ही मालकीण असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून दोघे आयरीनच्याच ताब्यात राहिले! जानेवारी १८५० मधील फेरसुनावणीत ज्यूरीने त्यांना मुक्त ठरवले. पण १८५२ मध्ये मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. काळ पूर्वीचा राहिलेला नाही, गुलामीविरोधी वृत्तीला मिसूरीने खतपाणी घालू नये, असा न्यायमूर्ती विल्यम स्कॉट याचा सूर होता (आडनावाचे साम्य योगायोगाचे). अट्ठावीस वर्षांची परंपरा कायदा बदलल्यामुळे नव्हे, वारे बदलल्यामुळे मोडली, हे यात उघडच कबूल केले आहे.

पुढचा दावा संघराज्याच्या न्यायालयात गेला. प्रतिवादी होता आयरीनचा न्यूयॉर्कवासी भाऊ जॉन सॅनफर्ड. दप्तरी नोंदीतल्या चुकीने तो ‘सँडफर्ड’ झाला. तो सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला येईपर्यंत १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसूरी तडजोड रद्द झाली होती आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडू लागले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपैकी पाच गुलामी असलेल्या राज्यांतले होते. नियोजित राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन याने निकालापूर्वीच न्यायाधीशांशी पत्रव्यवहार केला आणि पेनसिल्व्हेनियाचा न्यायाधीश ग्रीअर याला बहुमताकडे वळवण्यास हातभार लावला. ४ मार्चच्या शपथविधीच्या भाषणात, न्यायालय जे ठरवील ते आपण आनंदाने मानू, असे तो म्हणाला. ते काय ठरणार हे त्याला ठाऊक होते.

सात विरुद्ध दोन मतांच्या निकालात सरन्यायाधीश रॉजर टॉनी याने, संविधान घडले तेव्हा कृष्णवर्णीय ‘जनते’त मोडत नव्हते, म्हणून स्कॉटला दावा लावण्याचाच अधिकार नाही, असे म्हटले. अधिकारच नाही तर विषय तेथे संपायला हवा होता. टॉनीने तो पुढे नेला : गुलाम ही मालमत्ता, पाचव्या दुरुस्तीने मालमत्तेला संरक्षण, सबब मिसूरी तडजोड घटनाबाह्य. टॉनीने स्वतःचे गुलाम पूर्वीच मुक्त केले होते, ही आणखी एक विसंगती. बेंजामिन कर्टिस याने भिन्नमतात हा इतिहासच खोडून काढला. संघराज्याचे पहिले करारपत्र संमत झाले तेव्हा न्यू हॅम्पशर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना या पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार होता, हे त्याने दाखवून दिले. त्याच वर्षी त्याने राजीनामा दिला. दुसरा मतभेद जॉन मॅक्लीन याचा.

आयरीनचा दुसरा नवरा कॅल्व्हिन चॅफी हा मॅसॅच्युसेट्सचा गुलामीविरोधी काँग्रेस-सदस्य होता. निकालाने त्याची फारच पंचाईत झाली. कुटुंबाची मालकी टेलर ब्लो याच्याकडे, म्हणजे स्कॉटच्या पहिल्या मालकाच्या मुलाकडे, देण्यात आली आणि २६ मे १८५७ रोजी ब्लोने सर्वांना मुक्त केले. स्कॉटने सेंट लुइसच्या एका हॉटेलात हमाली केली. १७ सप्टेंबर १८५८ रोजी तो क्षयाने वारला. हॅरिएट १८७६ पर्यंत जगली.

निकालाने रिपब्लिकन पक्षाला बळ मिळाले. लिंकनने १८५८ च्या निवडणूक वादसभांत त्यावरची टीका लावून धरली. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी संपली. (जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना.) १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्यांचे नागरिकत्व संविधानातच नोंदवून टॉनीचा सिद्धान्त निकालात काढला. टॉनी १८६४ मध्येच वारला होता. त्याचा अर्धपुतळा न्यायालयात बसवण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये गुलामीचा कट्टर विरोधक सदस्य चार्ल्स सम्नर याच्या विरोधामुळे अडला आणि १८७४ मध्ये मंजूर झाला, तोही त्याच्या जागी आलेला गुलामीविरोधी सरन्यायाधीश सॅमन चेस याच्या पुतळ्याबरोबर.