ससेपालन, घरगुती (भिलाई)

पाळीव ससा हा युरोपीय रानसशाचा (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) वंशज. भिलाईत त्याचा खरा शत्रू मांजर नव्हे, उन्हाळा होय. मे महिन्यात येथील पारा ४५° से.च्या आसपास जातो. सशाला घाम जवळजवळ येत नाही. तो कानांवाटे उष्णता सोडतो. ३०° से.च्या वर नराची प्रजननक्षमता घटते. त्यामुळे पैदास थंडीत करावी. उन्हाळ्यात पिंजरा पत्र्याखाली ठेवू नये. बाजूंना ओले गोणपाट बांधून वारा खेळता ठेवावा.

जोडी लावताना मादीला नराच्या पिंजऱ्यात सोडतात, उलट केल्यास ती चावते. अंडमोचन समागमानंतरच होते व गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो. विण्याआधी मादी स्वतःच्या अंगावरचे केस उपटून खोक्यात मऊ बिछाना करते. पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात. डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. आई दिवसातून एखाद्या वेळीच, तेही काही मिनिटे पाजते. नवखा पाळणारा येथेच घाबरून पिल्लांना दूध पाजू लागतो आणि ती दगावतात. पोटे गोल दिसत असतील तर हात लावू नये.

मुख्य आहार वाळलेले गवत. गाजर केवळ चवीपुरते.

शेतात सापडणारा भारतीय ससा (लेपस नायग्रिकॉलिस) वेगळ्या प्रजातीचा असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळता येत नाही.