भंगुरताऱ्याची साक्ष

खरं बोलणाऱ्या माणसाची जगात जेवढी पंचाईत होते तेवढी थापाड्याची कधीच होत नाही. थापाड्याजवळ तपशील असतो, आवाज असतो, वेळप्रसंगी देवाची शपथही असते. खरं बोलणाऱ्याजवळ काय असतं? फक्त घडलेली गोष्ट! मी मंडईतून आणलेल्या वांग्यांचा खरा भाव घरात सांगितला, की आमच्या हिच्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटतो, आणि तो वांग्यांचा नसतो. त्यामुळे ज्यांच्या साक्षीवर कुणी विश्वास ठेवला नाही अशा इतिहासातल्या मंडळींबद्दल मला भारी जिव्हाळा आहे. त्यातला माझा सर्वांत लाडका साक्षीदार म्हणजे भंगुरतारा.

भंगुरतारा हा समुद्रातला प्राणी, ताराम‍ाशाचा चुलतभाऊ. मधे एक लहानशी चकती आणि तिला सापाच्या शेपटीसारखे पाच सडसडीत हात. शत्रूनं हात धरला तर हा हात सोडवत बसत नाही, हातच सोडून देतो. आणि मग सावकाश नवा उगवून घेतो. याला डोकं नाही, मेंदू नाही. तोंड खालच्या अंगाला, आणि खाल्लेल्याचा चोथाही तिथूनच बाहेर. चाळीतल्या खोलीसारखा सगळा कारभार एकाच दारातून! चालताना दिशा बदलायची झाली तर हा अंग वळवत नाही. त्या दिशेचा हात पुढारी होतो आणि बाकीचे त्याच्यामागून निघतात. म्हणजे दिशा बदलली की पुढारी बदलतो. आपल्याकडे पुढारी तोच राहतो आणि दिशा बदलते, एवढाच काय तो फरक.

तर असा हा बिनडोक प्राणी एकोणिसाव्या शतकात दोनदा साक्षीला उभा राहिला. प्रश्न होता, खोल समुद्राच्या तळाशी कुणी राहतं की नाही?

पहिली साक्ष १८१८ सालची. ब्रिटिश आरमाराचा कप्तान जॉन रॉस हा उत्तरेकडच्या बर्फातून आशियाकडे जायची वाट शोधत होता. लँकेस्टर साउंड नावाच्या खाडीत शिरल्यावर त्याला समोर डोंगरांची रांग आडवी दिसली. वाट बंद! रॉसनं त्या डोंगरांना आरमाराचे सेक्रेटरी क्रोकरसाहेब यांचं नाव दिलं (कामात यश आलं नाही तर निदान वरिष्ठांचं नाव तरी कुठेतरी लावावं, हा नोकरीचा नियम फार जुना आहे) आणि जहाज माघारी फिरवलं. अडचण एवढीच, की ते डोंगर नव्हतेच. या सफरीत त्याच्या हाताखाली असलेला एडवर्ड पॅरी पुढच्याच वर्षी, १८१९ साली, आपलं जहाज घेऊन 'क्रोकर पर्वता'तून आरपार निघून गेला!

पण याच सफरीत आणखी एक गोष्ट घडली होती. बॅफिन उपसागराची खोली मोजायला सोडलेल्या दोरीत गुंतून भंगुरताऱ्याच्याच कुळातला एक देखणा जीव वर आला. हातांना फाटे, फाट्यांना फाटे. ग्रीक पुराणातल्या त्या केसांच्या जागी साप असलेल्या मेदुसेचं जणू मस्तकच. खोली नोंदली होती ८०० वाव, म्हणजे ४,८०० फूट. आता नसलेला डोंगर पाहणाऱ्यानं असलेला प्राणी दाखवला, तर त्याचं कोण किती मनावर घेणार?

निदान एडवर्ड फोर्ब्झ यांच्या हिशेबात ही साक्ष धरली गेली नाही. फोर्ब्झ हा मोठा रसिक निसर्गशास्त्रज्ञ. १८४१ साली त्यानं ब्रिटनच्या ताराम‍ाशांवर पुस्तक लिहिलं होतं, आणि त्यात भंगुरताऱ्यांचीही दखल घेतली होती. म्हणजे साक्षीदार त्याच्या चांगल्या ओळखीतला! पण एजियन समुद्राचा तळ खरवडताना त्याला दिसलं, की खोल जावं तसतसे प्राणी कमी होत जातात. त्यावरून १८४३ साली त्यानं अंदाज बांधला, की ३०० वावांच्या खाली जीव नसावाच. अंधार, थंडी आणि डोक्यावर पाण्याचं प्रचंड ओझं. अशा जागी कोण बिऱ्हाड करील? अंदाज इतका पटण्यासारखा होता, की लोक तो नियम म्हणूनच धरून बसले. त्याच्याकडे एजियन समुद्र तेवढा होता, बाकीचे समुद्र लोकांनी आपण होऊन त्यात जमा केले.

मग १८६० साली दुसरी साक्ष झाली. हिचा वकील आपल्या कलकत्त्यात जन्मलेला. जॉर्ज चार्ल्स वॉलिक, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नाथानिएल वॉलिक यांचा मुलगा. हिंदुस्थानात लष्करी डॉक्टरकी करून तो विलायतेला गेला, आणि तारायंत्राच्या केबलसाठी उत्तर अटलांटिकचा तळ तपासायला निघालेल्या 'बुलडॉग' जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून चढला. एके ठिकाणी खोली भरली १,२६० वाव. आपली कळसूबाई तिथं उभी केली तर शिखरावर आणखी दोन हजार फूट पाणी राहील. दोरी वर आली आणि तिच्या शेवटच्या टोकाला, तळावर पडून राहिलेल्या भागाला, तेरा भंगुरतारे घट्ट मिठी मारून होते. जिवंत!

तेरा साक्षीदार! पण शंकेखोर म्हणाले, दोरी वर येताना मधेच कुठेतरी लटकले असतील. जणू काही ती चालती लोकल! वॉलिकनं त्यांची पोटं तपासली. आत तळाच्या गाळात असतात तसल्या सूक्ष्म जीवांची कवचं निघाली. जेवण तळावरचं, मग राहणारा मधल्या मजल्यावरचा कसा? तरीही सगळ्यांना पटलं असं नाही. पुढे १८६९ साली 'पॉर्क्युपाइन' जहाजानं २,४३५ वावांवरून जिवंत प्राणी खरवडून आणले, १८७२ ते १८७६ 'चॅलेंजर'नं जगभरचे समुद्र धुंडाळले, आणि कीर्ती मिळाली ती या सफरींच्या पुढाऱ्यांना. वॉलिक आयुष्यभर कडवट होऊन भांडत राहिला. १८९८ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, लिनियन सोसायटीनं त्याला पदक दिलं. १८९९ मध्ये तो वारला. पदक मिरवायला मिळालं ते एवढंच.

आज भंगुरताऱ्यांच्या दोन हजारांवर जाती माहीत आहेत आणि सहा हजार मीटरच्याही खाली ते नांदताहेत. गंमत पाहा, धक्का लागला की हात मोडून घेणारा हा प्राणी दोरी न सोडता वर आला. नाव याचं भंगुर. मोडला तो तीनशे वावांचा नियम!

२०२३ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही भंगुरताऱ्यांना दिवे मंद करून मगच जेवण द्यायचं, असं दहा महिने केलं. पुढे दिवे मंद झाले, की जेवण यायच्या आतच ते बाहेर येऊन बसू लागले. अनुभवावरून शिकायला बिनमेंदूच्या प्राण्याला दहा महिने पुरले. मेंदूवाल्यांना पन्नास वर्षं लागली, आणि तीसुद्धा पुराव्यानं दोन वेळा दोरीला लटकून वर यायची तसदी घेतल्यावर.