डच सामासिक नामे : शब्दघटना व अक्षरविभाजन

दोन वा अधिक शब्द सलग लिहून बनलेली डच भाषेतील नामे. ही रचना जर्मानिक भाषाकुलातील आहे (पहा : जर्मानिक भाषा). अंतिम पद प्रधान असून लिंग व उपपद तेच ठरवते : ‘द स्टाड’ (शहर) + ‘हेट हाउस’ (घर) = ‘हेट स्टाडहाउस’ (नगरभवन). मुख्य आघात बहुधा पूर्वपदावर पडतो. पदांमध्ये ‘स’, ‘एन’ असे जोडवर्ण येतात. ‘एन’विषयीचे लेखननियम १९९५ मध्ये बदलले. अक्षरविभाजनात दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढील अक्षरात जाते. मात्र पदसीमेला प्राधान्य असते. त्यामुळे ‘आवोंडएतेन’ (रात्रीचे जेवण) ‘आवोंड-एतेन’ असा तुटतो. ‘क्वार्टस्लाखेन’मध्ये विभाजनानुसार ‘पाव फेरे’ किंवा ‘क्वार्ट्‌झचे थर’ असा अर्थभेद होतो (पहा : समास).