टीपॉयवरची गौर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी अवतार. बोलताना जिथे मी अडखळले होते ते काढून टाकलंय, बाकी तसंच आहे.

गेल्या फाल्गुनात इन्स्टाग्रामनं मला पटवून दिलं की आमचा टीपॉय फार उघडाबोडका आहे. एक रील बघितलं, मग दहा आले. लाकडी ट्रे, त्यात वासाची मेणबत्ती, दोन जाडजूड पुस्तकं, बाजूला गुलाबी चेरीच्या खोट्या फांद्या. वसंत ऋतू आला म्हणे, कॉफी टेबल सजवा. मी ताथवड्यात आठव्या मजल्यावर राहते. बाल्कनीतून हायवेचं ट्रॅफिक दिसतं आणि मार्चमध्ये दुपारी तीनला पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते. तिथे चेरी ब्लॉसम! तरी सगळं कार्टमध्ये टाकलं होतं. बाराशे रुपये होत होते.

आई सोफ्यावर बसून माझ्या फोनमध्ये डोकावत होती. म्हणाली, "वसंत म्हणजे चैत्र ना गं? मग टीपॉयवर गौर मांड की. प्लॅस्टिकच्या काड्या कशाला?"

कार्ट रिकामं केलं आणि हा एपिसोड सुरू झाला.

सुरुवात त्या टेबलापासूनच करूया, कारण त्याची गोष्ट मला फार आवडली. आपण टीपॉय म्हणतो तेव्हा डोक्यात काय असतं? चहा ठेवायचं टेबल, म्हणून "टी". मीसुद्धा सत्तावीस वर्षं हेच समजत होते. पण या शब्दाचा चहाशी काहीही संबंध नाही. मूळ शब्द हिंदुस्थानी "तिपाई", म्हणजे तीन पायांची. आपल्या मराठीतली तिवई ती हीच. इंग्रज इथे आले, त्यांनी चारपाई ऐकली, तिपाई ऐकली आणि आपल्या कानाला झेपेल तसं "टीपॉय" लिहून टाकलं. मग हा शब्द बोटीत बसून लंडनला गेला. तिथल्या लोकांनी त्यातला "टी" ऐकला आणि त्यांना वाटलं, अरे, हे तर चहाचं काहीतरी आहे! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले सुतार टीपॉय नावाचं एक वेगळंच फर्निचर बनवायला लागले. एका खांबावर उभी पेटी, आत चहाच्या पानांचे डबे आणि वरून कुलूप. चहा महाग होता ना, नोकरांनी ढापू नये म्हणून.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी १८८६ मध्ये हॉब्सन-जॉब्सन नावाचा कोश काढला. भारतात वापरल्या जाणाऱ्या अशाच भेसळ शब्दांचा तो कोश आहे. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलंय की टीपॉयचा चहाशी संबंध जोडणं ही निव्वळ चूक आहे. शिवाय ते असंही सुचवतात की तिपाई हा शब्दच बहुधा कुणा युरोपियनानं चारपाईच्या चालीवर जुळवला असावा. म्हणजे बघा, मुळात अर्धवट आपला शब्द, तिकडे जाऊन त्याचा अर्थ बदलला, मग सोफासेटबरोबर तो परत आपल्या हॉलमध्ये आला आणि आता आपण त्याला कॉफी टेबल म्हणतोय. पाय तर चार आहेत! माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचं नाव जुनंच, आत व्हॅल्यू भलतीच. प्रत्येक कंपनीच्या कोडमध्ये असं एक तरी असतं आणि ते बदलायची कुणाची हिंमत नसते.

जुन्या घरांत हॉल नव्हता, सोफा नव्हता, त्यामुळे त्याच्यापुढचं टेबलही नव्हतं. ओटी होती, माजघर होतं. बैठकीला लोड-तक्के, मध्ये पानाचा डबा, आणि देवाधर्माचं काही असेल तर पाट नाहीतर चौरंग. बस.

आता गौर. चैत्र शुद्ध तृतीयेला, म्हणजे पाडव्यानंतर दोन दिवसांनी, देवघरातली अन्नपूर्णा किंवा गौरीची छोटी पितळी मूर्ती झोपाळ्यात बसवतात. ती माहेरी आलेली असते. महिनाभर राहते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, आपल्या अक्षय्य तृतीयेला, परत जाते. या महिन्यात सोयीचा एक दिवस धरून हळदीकुंकू करायचं, बहुतेक घरांत मंगळवार किंवा शुक्रवार. तेव्हा गौरीपुढे आरास मांडतात. हे महाराष्ट्रात सगळीकडे घरोघरी होतं असं मात्र मी म्हणणार नाही. बऱ्याच घरांत ही प्रथाच नाही, आणि माझ्या ऑफिसातल्या निम्म्या मराठी मुलींनी हे नावही ऐकलेलं नव्हतं.

आमच्या आजीकडची आरास आईला अजून पाठ आहे. तीन ट्रंका उतरत्या क्रमानं लावून त्यांच्यावर नऊवारी साड्या टाकायच्या, झाल्या पायऱ्या. सगळ्यात वर झोपाळा. खालच्या पायऱ्यांवर सावंतवाडीची लाकडी फळं, काचेची बदकं, मोत्यांचं तोरण, नातवंडांच्या बाहुल्या, कुणीतरी मुंबईहून आणलेली चिनी मातीची बशी. कलिंगड नागमोडी कापून त्याचं कमळ करायचं. काकडीचे काप, टरबूज, बत्तासे, मोगरा. बाजूला गुलाबदाणी आणि अत्तरदाणी. म्हणजे घरात जे जे म्हणून नाजूक, महागाचं आणि एरवी कपाटात कुलपात असतं, ते या एका संध्याकाळी बाहेर यायचं. आईचं म्हणणं असं की बायका गौर बघायला यायच्या तशा घर बघायलाही यायच्या. इन्स्टाग्रामवर आपण दुसरं काय करतो?

खायला आंब्याची डाळ आणि प्यायला पन्हं. आंब्याची म्हणजे कैरीची, हे परदेशात वाढलेल्या श्रोत्यांसाठी. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, कैरी किसून घालायची, मीठ, साखर, हिरवी मिरची, वरून हिंग-मोहरीची फोडणी. यात जरा थांबू. मिरची मूळची अमेरिकेतली. वास्को द गामा १४९८ मध्ये आला, त्यानंतर पोर्तुगीजांमुळे ती आपल्याकडे पोचली. म्हणजे आज आपण जी डाळ "पारंपरिक" म्हणून खातो ती अशीच्या अशी सोळाव्या शतकाआधी असूच शकत नाही. त्याआधी तिखटाला मिरी आणि आलं. कलिंगड मूळचं आफ्रिकेचं, हिंग अफगाणिस्तान-इराणकडचा. त्या ट्रंकेवरच्या पायऱ्यांवर निम्मं जग बसलेलं असायचं आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

म्हणून "पाच हजार वर्षांची अखंड परंपरा" असं कुणी म्हणालं की मी सावध होते. तरी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजनं बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुन्या एका घराच्या जमिनीखाली त्यांना कच्च्या मातीची एक डबी सापडली. आत मातीची स्त्रीमूर्ती, झाकणावर डोकं नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि तिच्याबरोबर एक बैल. (आमच्या ताथवड्यात सरकारी वळू माता प्रक्षेत्र आहे. संबंध काही नाही, पण मला तिथून जाताना आता इनामगाव आठवतं.) त्या मूर्तीपासून आपल्या चैत्रगौरीपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही आणि मी ओढणारही नाही. एवढंच की या भागातल्या घरांत देवी जपून ठेवायची सवय फार जुनी आहे.

वसंतात घरात काहीतरी मांडायचं, हेही फक्त आपलं नाही. इराणी लोक नवरोजला २१ मार्चच्या सुमारास हफ्त-सीन मांडतात. "स" पासून सुरू होणाऱ्या सात वस्तू, त्यात अंकुरलेले गहू, सफरचंद, लसूण, व्हिनेगर, आणि सोबत आरसा. आणि राजस्थानची गणगौर तर आपल्या गौरीची सख्खी बहीणच. हे मला पुस्तकात नाही, सहाव्या मजल्यावर कळलं. तिथल्या जोधपूरच्या भाभींना बोलावायला गेले तर त्या म्हणाल्या, "अरे, हमारी गौर तो उसी दिन विदा होती है!" त्यांच्याकडे होळीच्या दुसऱ्या दिवसापासून पूजा चालते आणि चैत्र शुद्ध तृतीयेला ईसरजी येऊन गौरीला सासरी घेऊन जातात. त्याच दिवशी आपल्याकडे ती माहेरी येते. लिफ्टनं दोन मजले.

आमच्याकडे ट्रंका नव्हत्या. ऑनलाइन आलेले खोके होते, त्यावर साड्या टाकल्या आणि सगळी रचना टीपॉयच्या मागे उभी केली. टीपॉय मोकळा ठेवायला आईनं सांगितलं होतं. का, ते नंतर कळलं. चैत्रात अंगणात रोज एक खास रांगोळी काढतात, चैत्रांगण. वर सूर्य-चंद्र, मध्ये झोपाळ्यातली गौर, मग शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन, फणी, करंडा, आरसा. किती चिन्हं, तो आकडा घराघराप्रमाणे बदलतो. फ्लॅटला अंगण नाही. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये काढावी तर सकाळी झाडूवाल्या मावशी येतात. तर आईनं टीपॉयच्या काळ्या काचेवर सगळं चैत्रांगण काढलं. दीड तास लागला. तिचा हात एकदाही थांबला नाही. मी फोटो काढत होते आणि मला पहिल्यांदाच कळत होतं की हिला हे येतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं येत होतं.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर तिनं हे केलं नव्हतं, कारण हळदीकुंकू सवाष्णींचं. या एपिसोडसाठी वाचत होते तेव्हा हळदीकुंकवाबद्दल छान छान खूप सापडलं. वाड्यातल्या बायकांना घराबाहेर पडायचं, एकमेकींना भेटायचं ते एक हक्काचं निमित्त होतं, ते खरंच आहे. पण त्याच वाड्यात एक बाई आतल्या खोलीत बसायची, डाळ बहुधा तिनंच वाटलेली असायची, हेही तितकंच खरं आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या एका विधवेशी, लग्न केलं तर त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. त्यानंतर राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. २०२२! तेव्हा मी हिंजवडीत नोकरीला लागले होते. १८५६ पासून मोजा. कायद्यानं लग्नाची परवानगी दिली, पण करंड्यातलं कुंकू देणं कुठल्याच कायद्याच्या हातात नव्हतं.

संध्याकाळी अकरा-बारा जणी आल्या. मी आईला सकाळीच सांगून ठेवलं होतं की तू बाहेर बसायचंस. ती म्हणाली, "हो, बसते." आणि पहिली बेल वाजली तशी पन्हं गाळायला आत गेली. मी दोनदा हाक मारली. "आले आले" म्हणाली. मला राग आला, पण घरात पाहुण्या असताना काय बोलणार? भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरत होते आणि लक्ष सगळं किचनच्या दाराकडे.

शेवटी पाचव्या मजल्यावरच्या काकू उठल्या. सत्तरीच्या आहेत, पैठणहून मुलाकडे राहायला आल्यात, सोसायटीत सगळ्यांशी भांडलेल्या आहेत. टीपॉयपाशी उभ्या राहून त्यांनी चैत्रांगण नीट बघितलं. "हे कोणी काढलं?" मी सांगितलं, आईनं. त्यांनी माझ्या हातातला करंडा घेतला आणि सरळ किचनमध्ये गेल्या. मीही मागे गेले.

आई ओट्याला टेकून उभी होती. काकूंनी करंडा पुढे केला. आई एक मिनिट काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "कुंकू राहू द्या, वहिनी. गजरा चालेल."

काकूंनी स्वतःच्या डोक्यातला गजरा काढला, दातांनी दोरा तोडून अर्धा केला आणि आईच्या अंबाड्यात खोवला. म्हणाल्या, "गाठ मारायला कासवाची शेपटी विसरलात तुम्ही." आई म्हणाली, "कासवाला आमच्यात शेपटी काढत नाहीत." त्यावरून दोघींचं जुंपलं ते बाहेर टीपॉयपर्यंत, आणि वाद घालता घालता आई सोफ्यावर बसली.

चैत्रांगण मी आठ दिवस पुसलं नाही. चहाचे कप जमिनीवर ठेवत होतो. गजरा तिनं दुसऱ्या दिवशी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला, आंब्याच्या डाळीच्या शेजारी.