माशी नेमकी कोणाच्या डोळ्यांसाठी?

१/ गळाभोवती गुंडाळलेले लोकरीचे सूत आणि कोंबड्याची दोन पिसे. एवढ्याशा ऐवजाला ट्राउट मासा कीटक समजून तोंडात का घेतो? प्रश्न किरकोळ वाटेल, परंतु त्याचे उत्तर माणूस किमान अठराशे वर्षे शोधतो आहे. या शोधात एका वृद्ध वकिलाला आपल्याच मंडळींसमोर उभे राहून आपल्या पद्धतीचा बचाव करावा लागला. आजचा धागा कृत्रिम माशीच्या इतिहासाविषयी.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. पाण्यात वाढणारे आणि पाण्यावर उतरणारे कीटक हे त्याचे महत्त्वाचे अन्न. पण हे कीटक इतके नाजूक असतात की खरा कीटक गळाला लावून फेकणे जवळजवळ अशक्य. अनुकरणाची गरज या अडचणीतून जन्मली.

३/ या विद्येचे प्रसिद्ध प्राचीन वर्णन रोमन लेखक एलियन याच्या प्राणिविषयक ग्रंथात सापडते. काळ इ.स. २०० च्या आसपासचा, स्थळ मॅसिडोनियातील नदी. तिथल्या ठिपकेदार माशांना विशिष्ट माशी प्रिय होती. पण माणसाचा हात लागताच तिचा रंग उडे, पंख मलूल होत. म्हणून कोळी गळाला किरमिजी लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे लावत. काठी सहा फुटांची, दोरीही तेवढीच.

४/ इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरील एक छोटा प्रबंध छापला. त्यात बारा माश्यांच्या कृती महिनावार दिल्या आहेत. ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीला त्याचे कर्तृत्व दिले जाते, पण त्यास भक्कम पुरावा नाही. १६७६ मध्ये चार्ल्स कॉटन यांनी आयझॅक वॉल्टन यांच्या गाजलेल्या ग्रंथाला जोड दिली, तेव्हा ही यादी कित्येक पटींनी वाढली. दोन्हीकडे गृहीतक एकच: या महिन्यात ही माशी.

५/ एक गोष्ट लक्षात घ्या. इथपर्यंत माशी ‘हुबेहूब’ आहे की नाही, हे काठावरचा माणूस ठरवत होता. तो तिला तळहातावर ठेवून, उजेडात, वरून पाहत असे. मासा मात्र तिला पाण्यातून, खालून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहतो. हा साधा फरक गांभीर्याने तपासला जायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

६/ तो तपासला आल्फ्रेड रोनाल्ड्स यांनी. स्टॅफर्डशायरमधील ब्लाइथ नदीच्या काठी त्यांनी निरीक्षणासाठी एक झोपडी बांधली आणि तिच्यात बसून माशांवर पाळत ठेवली. झोपडीमागे बंदुकीचे बार काढले, तरी मासे विचलित झाले नाहीत. नळीतून फुंकून पाण्यावर माश्या सोडल्या. काहींना तिखट-मोहरी चोपडलेली होती, त्याही माशांनी खाल्ल्या. १८३६ साली त्यांचे ‘द फ्लाय-फिशर्स एंटोमॉलॉजी’ प्रसिद्ध झाले. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, मग माशाला काठावरचा माणूस कुठे दिसेल, याच्या आकृत्याही त्यात होत्या.

७/ रोनाल्ड्स यांच्या ग्रंथात प्रत्येक माशीशेजारी तिच्या मूळ कीटकाचे रंगीत चित्र होते. अनुकरणाला शास्त्राचा आधार मिळाला. पण १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट यांनी उलट बाजू मांडली: डझनावारी नमुन्यांची गरज नाही. मोजक्या, विरळ पिसांच्या माश्या पुरेत. माशाच्या मागच्या बाजूने, प्रवाहाच्या वरच्या दिशेला त्या नीट टाकता आल्या पाहिजेत. माशी कशी ‘दिसते’ याहून ती कशी ‘वागते’ हे महत्त्वाचे, असा हा पक्ष.

८/ याच शतकात सामनसाठी बांधल्या जाणाऱ्या माश्या दागिन्यांसारख्या झाल्या. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून पिसे येत. त्यांत आपल्या सह्याद्रीचाही वाटा होता: रानकोंबड्याच्या मानेवरची, मेणाचे थेंब गोठल्यासारखे चकचकीत ठिपके असलेली पिसे. गंमत अशी, की अंडी घालण्यासाठी नदीत चढणारा सामन त्या काळात जवळपास काही खातच नाही. मग त्या रंगसंगतीचे गिऱ्हाईक कोण? बहुतांशी दुकानात उभा असलेला माणूस.

९/ आता दक्षिण इंग्लंडमधील हॅम्पशायरकडे वळू. टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यावर वाहतात. पाणी काचेसारखे, तापमान जवळपास स्थिर, कीटक मुबलक. इथे फ्रेडरिक हॅलफोर्ड यांनी मित्र जॉर्ज मॅरिएट यांच्या साहाय्याने तरंगत्या माशीचे शास्त्र रचले. १८८६ साली त्यांचे ‘फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टू ड्रेस देम’ आले. तरंगती माशी आधीपासून होती. हॅलफोर्ड यांनी तिला नियमांत बसवले.

१०/ नियम असा: मासा पृष्ठभागावर कीटक टिपताना दिसला पाहिजे, कीटक ओळखता आला पाहिजे आणि त्याची हुबेहूब, कोरडी, तरंगती प्रतिकृती त्या माशाच्या वर टाकली पाहिजे. पद्धत प्रभावी होती. पण अनुयायांच्या हाती तिचा आचारधर्म झाला. कित्येक ठिकाणी तरंगत्या माशीवाचून दुसरे काही वापरणे असभ्य मानले गेले.

११/ या आचारधर्माला प्रश्न विचारला जॉर्ज स्क्यूझ यांनी. लंडनमधले हे वकील १८८३ पासून इचेनवर मासेमारी करीत. पकडलेल्या ट्राउटच्या जठरातले अन्न काढून ते पांढऱ्या बशीत, पाण्यात पसरून तपासत. त्यात पंखवाले कीटक थोडे असत. पाण्याखाली वाढणारी, अजून पंख न फुटलेली पिल्ले, म्हणजे निम्फ, पुष्कळ. पृष्ठभागाशी हालचाल दिसली म्हणजे मासा पृष्ठभागावरचेच खातो, असे नव्हे. मग निम्फची प्रतिकृती पाण्याखालून का देऊ नये? १९१० च्या ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’पासून ते हेच मांडत राहिले.

१२/ फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर चर्चा झाली. स्क्यूझ तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. सभेचा कल त्यांच्या विरोधात गेला, आणि जिथे त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे मासे पकडले, तो इचेनचा पट्टा त्यांनी त्याच वर्षी सोडला. या वादात वर्ग, शिष्टाचार आणि नदीवरचा हक्क हेही गुंतलेले होते. तरीही जठरातला पुरावा कोणाला खोडता आला नाही.

१३/ पुढचे पाऊल टाकले नदीच्या राखणदाराने. विल्टशायरच्या एव्हन नदीवर काम करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीची पिसे आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावर निम्फ बांधला. तार दोराचे काम करी आणि वजनही देई, त्यामुळे माशी चटकन खोल जाई. पाय त्यांनी मुद्दाम लावले नाहीत, कारण पोहताना खरा निम्फ पाय अंगाशी घट्ट धरतो, हे त्यांनी पाहिले होते. तपशील गाळणे हेच इथे अचूक निरीक्षणाचे फळ होते.

१४/ मग परिणामकारक माशी कोणती? माशाला वरचे जग सुमारे ९७ अंशांच्या वर्तुळाकार ‘खिडकी’तून दिसते, त्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळ दाखवतो. तरंगता कीटक त्या आरशावर आधी दिसतो तो पायांनी पडलेल्या खळग्यांच्या, चमकत्या ठिपक्यांच्या रूपात. १९३१ मध्ये कर्नल हार्डिंग यांनी माशाच्या दृष्टिकोनावर अख्खे पुस्तक लिहिले. म्हणून माशी पृष्ठभागावर कशी टेकते, हे पंखांच्या छटेआधी कळते.

१५/ आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दोरीची ओढ. खरा कीटक प्रवाहाबरोबर निमूट वाहतो. दोरी ताणली जाऊन माशी आडवी सरकली, की सुंदरातली सुंदर प्रतिकृतीही सावध ट्राउट नाकारतो. साधारण क्रम लावायचा तर आधी स्वाभाविक वाहणे आणि योग्य खोली, मग आकारमान आणि बाह्याकृती, आणि त्यानंतर रंग. माणसाने मात्र शोधाची सुरुवात रंगापासून केली, कारण त्याला आधी रंग दिसला.

१६/ हॅलफोर्ड खोटे नव्हते. त्यांची माशी आजही मासे पकडते. त्यांच्या अनुयायांनी एका उत्तराला एकमेव उत्तर मानले, तिथे घोटाळा झाला. रोनाल्ड्स यांची झोपडी, स्क्यूझ यांची बशी आणि सॉयर यांची तार, तिघांनीही काठावरच्या माणसाचे मत बाजूला ठेवून माशाची साक्ष घेतली. इतिहासाच्या अभ्यासकालाही हे नवे नाही. ज्याच्याविषयी लिहायचे, त्याच्या जागेवरून जग कसे दिसत होते, हे विचारल्याशिवाय साधनांचा ढीग उपयोगी पडत नाही.

(धागा समाप्त. शंका आणि भर टाकण्यासाठी खाली जरूर लिहा.)