तिकीट नसलेले तळे

परवा फिलाडेल्फियाहून भाचीने फोटो पाठवला. तडा गेलेल्या लिबर्टी बेलपाशी ती आणि तिची दोन्ही मुले उभी आहेत. खाली लिहिले होते, "मावशी, इथे पाण्याच्या बाटलीलाही पैसे पडतात, पण ही घंटा बघायला तिकीट नाही!"

वाचून हसू आले. मग वाटले, आमच्या पोलादपुराहून एसटीने पाऊण तासावर अशीच एक जागा आहे की! महाडचे चवदार तळे. तिथेही तिकीट नाही. आणि मी तिथे कितीदा गेले? खरे सांगते, नोकरीच्या तीस-बत्तीस वर्षांत मुद्दाम असे एकदाही नाही. शाळेची सहल दरवर्षी रायगडाला जाई. महाडात गाडी चहापाण्याला थांबे. मुले मोजायची, गाडी सोडायची, झाले. वर्गात "महाडचा सत्याग्रह, १९२७" एवढे फळ्यावर लिहून मी पुढच्या धड्याकडे वळत असे.

दिवाळीच्या सुट्टीत सहावीतली नात आली होती. तिला म्हटले, चल, आज तळे बघून येऊ. तिथे पोचल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "आजी, तिकीट कुठे काढायचं?"

म्हटले, "नाही गं, इथे फुकट असतं." म्हणून गेले खरी, पण तो शब्द घशात अडकला. तिला घेऊन एका बाजूला बसले आणि शाळेत नीट न शिकवलेला धडा तिथे शिकवला.

तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेच्या ताब्यातले. कोणीही यावे, पाणी न्यावे. मुसलमान, ख्रिस्ती यांनाही मनाई नव्हती. गुरेढोरेसुद्धा पाणी पीत. मनाई होती ती फक्त अस्पृश्यांना. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात. त्याला धरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस तेव्हाच्या त्या पुढाऱ्यांतले. पण ठराव दप्तरात राहिला. तळ्यावर जायची कोणाची छाती झाली नाही.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता.) दासगावकडचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे अशा मंडळींनी त्यासाठी खटपट केली होती. परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला पाणी कुठले? ते सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. चाळीस रुपयांचे! १९२७ सालचे चाळीस रुपये. आणि सार्वजनिक तळे तिथून काही मिनिटांवर भरलेले.

नातीने इथे मला थांबवले. "म्हणजे तळं फुकट, पण त्यांनाच पाणी विकत?"

मी "हो" म्हटले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

२० तारखेला बाबासाहेब आंबेडकर त्या लोकांना घेऊन शिस्तीने तळ्यावर आले आणि ओंजळीने पाणी प्याले. मागून बाकीचे प्याले. पुढे काय? हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जेवत बसलेल्या, गावी परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालल्या. नंतर तळे 'शुद्ध' केले गेले, शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरींनी. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, तिला जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. ऐन वेळी कोर्टाचा मनाई हुकूम आला म्हणून बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे थांबवले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, ते याच परिषदेत. कोर्टातला दावा मात्र चालू राहिला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. पूर्वापार रूढी असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही.

नातीने बोटांवर हिशेब केला. "चोवीस ते सदतीस... तेरा वर्षं! एवढ्याशा पाण्यासाठी?"

लिबर्टी बेलचेही असेच आहे म्हणे. ती मुळात तिथल्या सभागृहाची घंटा. 'लिबर्टी बेल' हे नाव तिला १८३० नंतर गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी दिले. स्वातंत्र्याचे वचन अंगावर कोरलेली घंटा आणि त्याच देशात माणसांची विक्री, हे त्यांना दिसत होते.

निघताना नातीने सहज विचारले, "आजी, तेव्हा आपल्या घरातले लोक कुठे होते गं?"

माझ्या आत्याचे सासर महाडचे, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी मे महिन्यात मी तिथे राहायला जाई. आत्याचे सासरे १९२७ मध्ये चांगले जाणते असणार. त्या घरात पेशव्यांच्या, शिवाजी महाराजांच्या गोष्टी रोज होत. तळ्याची गोष्ट मात्र कधी निघाली नाही. ते त्या दिवशी घरात बसले होते, रस्त्यावर होते, की घागरी वाहणाऱ्यांत होते, मला ठाऊक नाही. मी विचारलेच नाही. आता विचारायला कोणी उरलेले नाही.

नातीला तेच सांगितले. ती काही बोलली नाही. एसटी येईपर्यंत माझा हात धरून उभी राहिली.

भाचीला उत्तर लिहायचे राहिले आहे. पुढच्या वेळी मुलांना घेऊन आलीस की रायगडाच्या आधी तळ्यावर जाऊ, असे लिहीन म्हणते. तिकीट नाही. पण त्याचे पैसे आधीच कोणीतरी भरलेत, हे मुलांना सांगायला हवे.